जागतिक शिक्षणासाठी शिक्षकांचं नेटवर्क: आधी काम ठरवा, मग जोडीदार

प्रश्न थोडक्यात असा आहे: शाळेतल्या चार-पाच शिक्षकांना वर्गात जागतिक शिक्षण आणायचं आहे आणि मुख्याध्यापकांची त्याला तयारी आहे. मग देशोदेशींच्या शाळा आणि शिक्षकांना जोडणाऱ्या कोणत्या नेटवर्कमध्ये जावं, तिथे जाऊन नेमकं काय करावं, आणि सुरुवातीचा उत्साह वर्षभर टिकावा म्हणून काय काळजी घ्यावी? मी अशा नेटवर्कांमध्ये आधी वर्गशिक्षक म्हणून आणि पुढे समन्वयक म्हणून बरीच वर्षं काम केलं आहे. त्या अनुभवावरून सविस्तर लिहितो.

नेटवर्कची निवड सगळ्यात शेवटी करा. आधी असं एखादं काम शोधा, जे दूरच्या दुसऱ्या वर्गाशिवाय तुमच्या वर्गाला पूर्णच करता येणार नाही. बहुतेक शाळा नेमकं उलटं करतात. नोंदणी होते, फलक लागतो, पहिला व्हिडिओ कॉल होतो, मुलं एकमेकांना हात हलवून दाखवतात, आवडता खेळ आणि आवडता पदार्थ विचारून होतो. त्यानंतर बोलायला काही उरत नाही, कारण दोन्ही वर्गांना एकमेकांची गरजच निर्माण झालेली नसते. पुढच्या सत्रात नेटवर्क थंडावतं आणि दोष शिक्षकांच्या वेळेला किंवा इंटरनेटला दिला जातो. खरी उणीव कामाच्या निवडीत असते.

'जागतिक शिक्षण' म्हणताना काय अभिप्रेत आहे, तेही सांगायला हवं. युरोपात २००२ साली मास्ट्रिख्टमध्ये झालेल्या परिषदेच्या जाहीरनाम्याने त्यात विकास, मानवी हक्क, शाश्वतता, शांतता आणि आंतरसांस्कृतिक शिक्षण अशा धारा एकत्र आणल्या. संयुक्त राष्ट्रांच्या शाश्वत विकास उद्दिष्टांमधलं ४.७ क्रमांकाचं लक्ष्य २०३० पर्यंत सर्व विद्यार्थ्यांना हे ज्ञान आणि ही कौशल्यं मिळावीत असं सांगतं. युनेस्कोने आंतरराष्ट्रीय सामंजस्याच्या शिक्षणाविषयीची १९७४ ची शिफारस २०२३ मध्ये नव्याने मंजूर केली, तीही याच दिशेने. हे संदर्भ मुख्याध्यापकांना किंवा पालकसभेत सांगायला उपयोगी पडतात. वर्गात मात्र वेगळा विषय उभा करू नका. भूगोल, विज्ञान, गणित, इतिहास आणि भाषा यांतच त्याची जागा आहे. वेगळा तास ठेवला की परीक्षेचे दिवस आल्यावर पहिली गदा त्यावरच येते.

आता काम कसं निवडायचं ते एका उदाहरणाने सांगतो. हे उदाहरण मला फार प्रिय आहे. इरॅटोस्थेनिस या प्राचीन ग्रीक विद्वानाने दोन हजारांहून अधिक वर्षांपूर्वी सावलीवरून पृथ्वीचा परीघ काढला. दोन शाळा तेच पुन्हा करू शकतात. दोन्हीकडे एक मीटरची काठी सपाट जागी काटेकोर उभी करायची आणि आपापल्या मध्यान्ही, म्हणजे सावली सर्वांत आखूड असताना, ती मोजायची. विषुवदिनी, म्हणजे मार्च आणि सप्टेंबरमध्ये दिवस-रात्र जवळपास सारखी असते त्या दिवशी, २० अंश उत्तर अक्षांशावरच्या शाळेला साधारण ३६ सेंटिमीटर सावली मिळेल आणि ५० अंशावरच्या शाळेला साधारण ११९ सेंटिमीटर. त्यावरून सूर्याचा कोन काढला की फरक ३० अंश येतो. वर्तुळाच्या ३६० अंशांत असे बारा भाग. दोन्ही शाळांमधलं उत्तर-दक्षिण अंतर नकाशावर मोजलं तर ते साधारण ३,३०० किलोमीटर भरतं, त्याला बाराने गुणलं की ४०,००० च्या जवळ पोहोचतो. शाळा पूर्व-पश्चिम दिशेने कितीही लांब असल्या तरी चालतं, कारण प्रत्येकाने आपापली मध्यान्ह धरायची असते. विषुवदिनाला आभाळ भरून आलं तर दुसरा दिवस घ्या, फक्त दोघांनी एकच तारीख पाळा. त्रिकोणमिती न शिकलेली मुलं प्रमाणात आकृती काढून कोनमापकाने कोन मोजू शकतात, त्यामुळे वरच्या प्राथमिक वर्गांनाही हे जमतं.

या कामात कोणत्याच शाळेला एकट्याने उत्तर मिळत नाही. एका शाळेच्या कोनात दोन अंशांची चूक झाली तर परीघ ४२,००० च्या पुढे जाऊ शकतो. मग मुलं दुसऱ्या वर्गाला विचारतात: काठी सरळ आहे हे तुम्ही कसं तपासलं? जमीन उताराची होती का? सावलीचं टोक धूसर दिसत होतं तेव्हा कुठे खूण केली? या प्रश्नांमध्ये जी एकमेकांबद्दलची उत्सुकता आणि आदर असतो, तो ओळख-परेडीच्या कॉलमध्ये मी कधी पाहिला नाही. समोरचा वर्ग 'परदेशी' राहत नाही, त्याच गणितातला भागीदार होतो. नंतर ती मुलं एकमेकांच्या गावाबद्दल विचारतात, पण तोवर विचारायला कारण तयार झालेलं असतं.

ही कल्पना शंभर वर्षं जुनी आहे. फ्रान्समध्ये सेलेस्तँ फ्रेने हे शिक्षक १९२० च्या दशकात बार-सुर-लू या दक्षिणेकडच्या डोंगराळ गावात शिकवत होते. त्यांनी वर्गात छोटं छापयंत्र आणलं, मुलांनी लिहिलेलं छापलं आणि ते वायव्य फ्रान्समधल्या ब्रिटनी प्रदेशाच्या किनाऱ्यावरच्या त्रेगँ गावातल्या रने दानिएल या शिक्षकाच्या वर्गाला पाठवायला सुरुवात केली. तिकडून समुद्रकाठच्या मुलांचं लेखन येऊ लागलं. डोंगरातल्या मुलाला जे रोजचं, ते किनाऱ्यावरच्या मुलाला समजावून सांगावं लागे, आणि समजावताना त्यालाच ते नव्याने पाहावं लागे. दोघे शिक्षक एकाच देशातले होते हेही लक्षात घ्या. जगाकडे पाहायची सवय दुसऱ्या प्रदेशातल्या वर्गापासूनही सुरू होते, आणि पहिल्या वर्षी भाषेची अडचण नको असेल तर ती वाट उत्तम आहे. पुढे या शिक्षकांची चळवळ अनेक देशांत पसरली आणि १९५७ मध्ये तिचा आंतरराष्ट्रीय महासंघ झाला. सुरुवात मात्र दोन शिक्षक आणि टपाल एवढ्यावरच झाली होती.

आता नेटवर्कांकडे वळतो. प्रत्येकाचा स्वभाव वेगळा आहे आणि तुमच्या कामाला कोणता जुळतो, हे पाहूनच जावं. युनेस्कोचं सहयोगी शाळांचं जाळं १९५३ मध्ये १५ देशांतल्या ३३ शाळांपासून सुरू झालं, आज त्यात सुमारे १८० देशांतल्या १२,००० हून अधिक शाळा आहेत. तिथे सभासद असते शाळा, आणि प्रवेश त्या त्या देशाच्या समन्वयकामार्फत होतो. त्यामुळे मुख्याध्यापकांचा पाठिंबा पक्का असेल तरच तिकडे जावं. आयअर्न १९८८ मध्ये न्यूयॉर्क राज्य आणि मॉस्कोतल्या शाळा जोडण्याच्या प्रकल्पातून उभं राहिलं. तिथे प्रकल्प शिक्षकच सुचवतात आणि चालवतात, म्हणून एकट्या-दुकट्या शिक्षकाला ते सोयीचं जातं. ग्लोब हा कार्यक्रम १९९५ पासून चालतो, नासा त्याच्या मुख्य पुरस्कर्त्यांपैकी आहे आणि त्यात मुलं तापमान, ढग, पाणी, माती यांची ठरावीक पद्धतीने निरीक्षणं नोंदवतात. विज्ञानाच्या शिक्षकांनी तो जरूर पाहावा. युरोपीय आयोगाचं ई-ट्विनिंग २००५ मध्ये सुरू झालं, ते युरोप आणि आसपासच्या काही देशांपुरतं आहे. प्रकल्प दोन शिक्षकांनी मिळून नोंदवायचा आणि मुलांचं काम फक्त सहभागींना दिसणाऱ्या ऑनलाइन दालनात ठेवायचं, ही त्याची रचना इतरांनीही उचलण्यासारखी आहे.

आयअर्नमधली 'लर्निंग सर्कल' ही पद्धत मला सगळ्यांत टिकाऊ वाटते. ती मार्गारेट रील यांनी विकसित केली. साधारण सहा ते आठ वर्ग एका वर्तुळात येतात. प्रत्येक वर्ग स्वतःचा एक विषय मांडतो, बाकीचे त्याला माहिती पुरवतात, आणि शेवटी प्रत्येक वर्ग आपल्या विषयावरचं संकलन करून सगळ्यांना देतो. म्हणजे प्रत्येक वर्ग एकदा मागणारा असतो आणि बाकी वेळ देणारा. तुम्ही उत्तर पाठवलं नाही तर कुठेतरी एका वर्गाचं पान कोरं राहतं, आणि ते कोणाचं हे सगळ्यांना दिसतं. तीस-चाळीस शाळांच्या ग्रुपमध्ये असं होत नाही. तिथे कोणी कोणाची वाट पाहत नाही, म्हणून कोणी उत्तरही देत नाही. दोनच शाळांची जोडी असेल तर उलटी अडचण येते: एका शिक्षकाची बदली झाली किंवा तो आजारी पडला की सगळंच थांबतं. म्हणून पहिल्या वर्षी तीन ते सहा वर्ग धरा.

व्यासपीठावर फार विसंबूही नका. ब्रिटन २०२० च्या अखेरीस ई-ट्विनिंग ज्याचा भाग आहे त्या युरोपच्या इरास्मस प्लस कार्यक्रमातून बाहेर पडलं तेव्हा तिथल्या शाळांचा ई-ट्विनिंगमधला सहभागही संपला. इंग्लंडमधला सरकारी 'ग्लोबल लर्निंग प्रोग्राम' २०१३ ते २०१८ असा चालला आणि थांबला. धोरण बदललं की निधी जातो, संकेतस्थळ बंद होतं. ज्या शिक्षकांनी एकमेकांचे थेट पत्ते आणि तयार केलेलं साहित्य स्वतःकडे ठेवलेलं असतं, त्यांचं काम चालू राहतं. पहिल्याच महिन्यात ही तजवीज करा.

यापुढचा भाग मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो. नेटवर्क मुलांना जोडतं हे खरं, पण त्याचं निम्मं मोल शिक्षकांच्या आपसातल्या कामात आहे. आपला धडा दूरच्या शिक्षकाने वाचला की आपल्याला न दिसणाऱ्या गोष्टी त्याला दिसतात. समजा 'पाणी' हा विषय आहे. एका वर्गाने प्रश्न तयार केला: "तुमच्याकडे पाण्याची टंचाई आहे का, आणि आम्ही काय मदत करू शकतो?" प्रश्न मनापासून विचारलेला असतो, पण तो विचारताच एक वर्ग दाता होतो आणि दुसरा याचक. समोरच्या शिक्षकाने तो वाचून सुचवावं: "आपण दोघेही मुलांना विचारू की तुमच्या घरचं पाणी कुठून येतं, त्यावर कोणाचा हक्क आहे, आणि वापरून झाल्यावर ते कुठे जातं." आता दोन्ही वर्गांना आपलंच घर, आपलीच नदी तपासावी लागते, आणि श्रीमंत भागातल्या मुलांनाही आपलं सांडपाणी कुठे जातं याचं उत्तर शोधावं लागतं. शिक्षण-अभ्यासक व्हनेसा आंद्रेओत्ती यांनी २००६ मध्ये नागरिकत्वाच्या 'मृदू' आणि 'चिकित्सक' शिक्षणातला फरक मांडला तो याच अंगाने: दयेपाशी थांबायचं, की ही विषमता कशी तयार झाली आणि तिच्यात आपला वाटा काय, इथवर जायचं. एकट्या शिक्षकाला हा फरक पटला तरी स्वतःच्या प्रश्नपत्रिकेत तो दिसेलच असं नाही. तिथे दुसरी नजर लागते.

त्यासाठी शिक्षकांची महिन्यातून एक बैठक ठेवा, तासाभराची. तिथे आराखडे सादर करू नका. एका शिक्षकाने आपल्या मुलांचं प्रत्यक्ष काम आणावं: दोन-तीन पत्रं, एखादं चित्र, निरीक्षणांचा तक्ता. बाकीच्यांनी ते वाचून सांगावं की या मुलाला दुसऱ्या ठिकाणाबद्दल काय कळलेलं दिसतं, काय गृहीत धरलेलं दिसतं, आणि पुढचा प्रश्न कोणता विचारावा. मुलांचं काम समोर असलं की चर्चा भरकटत नाही आणि नवख्या शिक्षकालाही बोलता येतं. जपानमध्ये शिक्षक मिळून एक धडा आखतात, एकजण तो शिकवतो, बाकीचे वर्गात बसून मुलांचं निरीक्षण करतात आणि नंतर एकत्र चर्चा करतात. दूरच्या नेटवर्कमध्ये वर्गात बसणं शक्य नसेल, तर मुलांच्या वह्यांचे फोटो ते काम बऱ्यापैकी भागवतात. दर आठवड्याच्या वेबिनारपेक्षा अशी महिन्याची एक बैठक मी केव्हाही पसंत करीन. वेबिनारमध्ये शिक्षक ऐकतो, इथे त्याला स्वतःचं काम उघडून दाखवावं लागतं, आणि बदल तिथूनच सुरू होतो.

इतिहासाच्या शिक्षकांसाठी एक खास सूचना. दोन्हीकडची पाठ्यपुस्तकं एकमेकांना वाचून दाखवा. दुसऱ्या महायुद्धानंतर गेओर्ग एकर्ट या इतिहासकाराने जर्मनीत ब्राउनश्वाइगला पाठ्यपुस्तकांच्या तुलनेसाठी संस्था उभारली. फ्रेंच आणि जर्मन इतिहास-शिक्षक एकत्र बसून वादाचे मुद्दे सोडवू लागले, १९७२ पासून जर्मन-पोलिश पाठ्यपुस्तक आयोग काम करू लागला, आणि २००६ मध्ये फ्रान्स व जर्मनी या दोन्ही देशांत वापरता येईल अशा सामाईक इतिहास-पाठ्यपुस्तकाचा पहिला खंड निघाला. शाळेच्या पातळीवर एवढं मोठं काही लागत नाही. एकच घटना घ्या, दोन्ही पुस्तकांतला तेवढाच उतारा भाषांतरित करा आणि मुलांना तीन गोष्टी शोधायला सांगा: कर्ता कोण आहे, कोणाचं दुःख सांगितलं आहे, आणि काय गाळलं आहे. यात ताण येऊ शकतो. म्हणून जोडीदार शिक्षकांनी तो उतारा आधी आपसात वाचून घ्यावा, आणि ज्या घटनेच्या जखमा अजून ओल्या आहेत ती पहिल्या वर्षी घेऊ नये.

वेळापत्रकाचं पाहू. जपानचं शालेय वर्ष एप्रिलमध्ये सुरू होतं, युरोपात बहुतेक ठिकाणी सप्टेंबरच्या आसपास, ऑस्ट्रेलियात जानेवारीअखेर. परीक्षा आणि सुट्ट्या सगळ्यांच्या निराळ्या. सर्वांचं कॅलेंडर एका तक्त्यात मांडा आणि पाच-सहा आठवड्यांची सामाईक खिडकी शोधा. बरेचदा ती ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये सापडते, आणि युरोपात जागतिक शिक्षण सप्ताहही नोव्हेंबरमध्येच असतो. थेट कॉल जमेल तेव्हाच करा, मुख्य देवाणघेवाण लिखित ठेवा. ग्लोबच्या पद्धतीत हवेच्या तापमानाची नोंद घड्याळाऐवजी स्थानिक सौर मध्यान्हेच्या आसपास घेतात, म्हणून जगाच्या दोन टोकांच्या नोंदींचीही तुलना होऊ शकते. असं काम निवडलं की वेळेच्या फरकाचा जाच राहत नाही. भाषेची भीतीही यामुळे कमी होते. आकडे, नकाशे आणि चित्रं दोन्हीकडे वाचता येतात, आणि बाकी मजकुराला भाषांतराची साधनं पुरतात. फक्त यंत्राने केलेलं भाषांतर शिक्षकाने एकदा वाचल्याशिवाय पाठवू नका.

मुलांच्या सुरक्षिततेत कुठलीही सवलत देऊ नका. पालकांची लेखी संमती घ्या, सगळा संपर्क शाळेच्या खात्यावरून करा, मुलांचे वैयक्तिक फोन नंबर किंवा समाजमाध्यमांवरचे पत्ते कधीही देऊ नका, आणि चेहरा व पूर्ण नाव एकत्र दिसेल असं काहीही उघड ठिकाणी टाकू नका. जोडीदार शाळेच्या देशात नियम वेगळे असतील तर दोन्हींपैकी जो कडक, तो दोघांनी पाळायचा.

परिणाम झाला का, हे कसं कळणार? पिसा या आंतरराष्ट्रीय चाचणीने २०१८ मध्ये पहिल्यांदा 'जागतिक क्षमता' तपासली, पण तिचं बोधात्मक परीक्षण, म्हणजे मुलांनी प्रत्यक्ष प्रश्न सोडवायचा भाग, २७ देश आणि अर्थव्यवस्थांनीच स्वीकारलं. एवढ्या मोठ्या यंत्रणेलाही हे मोजणं अवघड जातं. वर्गासाठी मी एक सोपी पद्धत वापरतो. प्रकल्पाआधी मुलांना जोडीदार ठिकाणाबद्दल अर्धं पान लिहायला सांगा आणि ते बंद करून ठेवा. संपल्यावर पुन्हा लिहायला सांगा आणि दोन्ही पानं शेजारी ठेवून वाचा. "तिथले लोक असे असतात" या वाक्यांची जागा "काही जण", "शहरात", "आम्ही ज्यांच्याशी बोललो ते" अशा शब्दांनी घेतली का? प्रश्न वाढले का? स्वतःच्या गावाबद्दल नवं काही लिहिलं का? हे दिसत असेल तर काम चांगलं चाललं आहे. प्रमाणपत्रं आणि बिल्ले यांना मी दुय्यम मानतो. पालकांना दाखवायला ते बरे, पण त्यासाठी प्रकल्प आखला की मुलांचं काम सजावटीकडे झुकतं.

शाळेच्या आत दोन गोष्टी पक्क्या करा. प्रत्येक प्रकल्पात आपल्या शाळेचे किमान दोन शिक्षक असावेत, म्हणजे एकाची बदली झाली तरी धागा तुटत नाही. आणि मुख्याध्यापकांना लेखी द्या की हा प्रकल्प कोणत्या इयत्तेच्या, कोणत्या विषयाच्या, कोणत्या घटकाच्या तासांत बसतो. "जादा उपक्रम" म्हणून मान्यता मिळाली तर तो पहिल्या अडचणीला रद्द होईल. घटकाचाच भाग म्हणून मिळाली तर कोणी त्याला हात लावणार नाही.

सुरुवात करताना जोडीदाराला पाठवायचा पहिला संदेश छोटा आणि नेमका हवा. तुमची इयत्ता, मुलांची संख्या आणि वय, घटक कोणता, नेमकी कोणती गोष्ट तुम्हाला त्यांच्याकडून हवी आहे, बदल्यात तुम्ही काय द्याल, कोणत्या आठवड्यांत, आणि दोन आठवडे उत्तर देणं जमलं नाही तर काय करायचं. 'आम्हाला तुमच्या संस्कृतीबद्दल जाणून घ्यायला आवडेल' अशा वाक्यावर उत्तरं येतात, पण कामं उभी राहत नाहीत. "विषुवदिनी तुमच्या मध्यान्हीची सावली आम्हाला मोजून हवी आहे" यावर येतं ते उत्तर साधारणपणे एखाद्या प्रश्नासह येतं, आणि तिथून पुढे जाता येतं. होकार आला की लगेच मुलांना सांगू नका. आधी दोन्हीकडच्या शिक्षकांनी तो प्रयोग स्वतः करून पाहावा, आपापले आकडे एकमेकांना पाठवावेत, कुठे अडलं ते बोलावं, आणि मगच वर्गात जाहीर करावं.